लिहिता येते, पण वाचता येत नाही : बालवाडीत अक्षरांची सुरुवात कुठून करावी?

आपण कोल्हापूरच्या एका उपनगरातील बालवाडीत यंदा जूनपासून मोठा गट घेतला आहे आणि गटातील मुले साडेचार ते साडेपाच वर्षांची आहेत. दिवाळीपर्यंत अ ते ज्ञ आणि वर्षअखेरीस बाराखडी लिहून व्हावी, अशी पालकांची आणि मुख्याध्यापिकांचीही अपेक्षा आहे. काही मुले लहान गटातूनच सगळी मुळाक्षरे वहीत सुबक काढायला शिकून आली आहेत, पण फळ्यावर ‘कान’ लिहिले तर त्यांना ते वाचता येत नाही. काही मुले मात्र पेन्सिल हातात धरायलाच तयार नाहीत. शिवाय शाळा सेमी इंग्रजी असल्यामुळे एबीसीडीही याच वर्षात उरकायची आहे. अशा स्थितीत सुरुवात कुठून करावी, असे आपण विचारले आहे.

जी मुले अक्षरे काढतात पण वाचत नाहीत, त्यांच्याकडे नीट पाहिले तर बरेचसे उत्तर तिथेच सापडते. या मुलांनी ‘क’ गिरवला तेव्हा त्यांच्या मनात त्या आकाराशी कोणताही आवाज जोडला गेलेला नव्हता. त्यांनी एक नक्षी पाहून उतरवली आणि ती छान जमल्याबद्दल शाबासकी मिळवली. वाचनाचे काम मुख्यतः कानाचे आणि डोळ्यांचे आहे, तर लेखनाच्या सुरुवातीचे काम बोटांचे आणि मनगटाचे आहे. एकाच मुलात ही दोन्ही कामे वेगवेगळ्या गतीने पुढे जातात आणि गोंधळ होतो तो आपण त्यांना एकाच वहीत, एकाच क्रमाने बांधतो म्हणून. माझे म्हणणे एवढेच आहे, की वाचनाचा क्रम वेगळा ठेवावा, लेखनाचा वेगळा ठेवावा आणि वही सर्वांत शेवटी उघडावी. ज्ञानेंद्रियांचे शिक्षण आधी, अक्षर नंतर, ही दृष्टी आपल्याकडे नवी नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी व कोसबाडच्या परिसरात बालवाड्या चालवताना हेच केले आणि आपल्या कोल्हापुरात लीलाताई पाटील यांनी १९८५ मध्ये सुरू केलेल्या सृजन आनंद विद्यालयाने आनंददायी शिक्षणाचा विचार शहराला प्रत्यक्ष दाखवला.

सुरुवात कानापासून करावी. बोललेला शब्द तुकड्यांचा बनलेला असतो, ही गोष्ट मोठ्यांना इतकी उघड वाटते की ती शिकवावी लागते हेच आपण विसरतो. जून आणि जुलैमध्ये रोज पंधरा-वीस मिनिटे टाळ्यांचे खेळ घ्यावेत : मा-मा, पा-टी, रं-का-ळा, जो-ति-बा. इथे एक बारकावा सांभाळावा लागतो. ‘कोल्हापूर’ लिहिताना अक्षरे चार होतात, पण बोलताना आपण ‘को-ल्हा-पूर’ असे तीनच तुकडे पाडतो. ‘घर’ लिहिताना अक्षरे दोन आणि बोलताना टाळी एकच. ज्या मुलाने ‘घर’ला एक टाळी वाजवली त्याला आपण चूक ठरवतो, तेव्हा खरे म्हणजे त्याचा कान आपल्यापेक्षा प्रामाणिक असतो. म्हणून पहिल्या महिन्यात अक्षर आणि उच्चाराचा तुकडा जुळतील असेच शब्द घ्यावेत, म्हणजे ज्यांतले प्रत्येक अक्षर दीर्घ स्वराचे आहे असे : काका, आजी, माती, पाणी, रेडा. ‘घर’, ‘कमळ’, ‘भाकरी’ असे शब्द नंतर आणावेत आणि ते सावकाश म्हणून दाखवावेत.

टाळ्या जमू लागल्या की पहिल्या आवाजाकडे वळावे. हजेरी घेताना ‘ज्यांच्या नावाची सुरुवात स ने होते त्यांनी उभे राहावे’ असे म्हटले, की हजेरी आणि पाठ दोन्ही एकदम होतात. शेवटचा आवाज ओळखणे अधिक अवघड असते. आपल्याकडच्या भेंड्या म्हणजे शेवटचे अक्षर पकडण्याचाच सराव आहे; मोठ्या गटात गाण्यांच्या भेंड्या जमणार नाहीत, पण शब्दांच्या भेंड्या दिवाळीच्या सुमारास उत्तम रंगतात. ‘ण’ आणि ‘ळ’ यांनी मराठी शब्द सुरू होत नसल्यामुळे ही अक्षरे शेवटच्या आवाजातूनच शिकवावी लागतात : बाण, वीण, फळ, माळ.

आता अक्षरांचा क्रम. वर्णमाला उच्चारशास्त्राच्या दृष्टीने फार सुंदर रचलेली आहे, परंतु ती वाचन शिकवण्याचा क्रम म्हणून रचलेली नाही. अ, आ, इ, ई पासून निघालेले मूल दोन महिने चालून गेले तरी त्याला वाचण्याजोगा एखादाच शब्द हाती लागतो, कारण सुटे स्वर बहुतेक शब्दांच्या आरंभीच येतात आणि शब्दाच्या पोटात त्यांची जागा काना-मात्रा-वेलांट्या घेतात. त्याऐवजी म, क, न, र ही चार व्यंजने आणि काना एवढेच घेऊन पाहावे. काका, मामा, नाना, कान, नाक, मान, काम, मका, रान, राम असे कितीतरी शब्द तयार होतात आणि ‘मामा, काम कर’ हे वाक्यसुद्धा. दुसऱ्या गटात त, ल, ब, स आणि दुसरी वेलांटी आणली की ‘लाल माती’, ‘बकरी रानात’, ‘मामी, बस’ इथपर्यंत मूल पोहोचते. जे मूल तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात स्वतःहून एक वाक्य वाचते, त्याला वाचन कशासाठी असते हे पुन्हा समजावून सांगावे लागत नाही.

गट करताना दिसायला सारखी अक्षरे एकाच आठवड्यात येऊ देऊ नयेत. घ आणि ध, भ आणि म, ब आणि व, थ आणि य, प आणि ष या जोड्यांमध्ये किमान काही आठवड्यांचे अंतर असावे. एक पक्के झाल्यावरच दुसरे यावे. ऐकायला सारख्या असणाऱ्या न-ण, ल-ळ, स-श यांनाही हाच नियम लावावा. च आणि ज यांचे मराठीत दोन उच्चार होतात. ‘चाक’ आणि ‘चिमणी’, ‘जाळे’ आणि ‘जीभ’ अशी दोन्ही चित्रे शेजारी लावली तर मुले ते सहज स्वीकारतात. नियम सांगत बसण्याची गरज नाही.

काना या चिन्हाची ओळख करून देताना ‘क ला काना का’ हा घोष सुरुवातीला बाजूला ठेवावा, असे माझे स्पष्ट मत आहे. ‘क ला काना का, न, कान’ असे म्हणता म्हणता पाच वर्षांच्या मुलाच्या हातून शब्दच निसटतो. क आणि का यांची दोन कार्डे शेजारी ठेवून फक्त दोन आवाज ऐकवावेत आणि नंतर ‘का-न, आता पटकन म्हणा’ असे सांगावे. पहिली वेलांटी उशिरा घ्यावी, कारण ती लिहिली जाते अक्षराच्या आधी आणि उच्चारली जाते नंतर. डावीकडून उजवीकडे वाचायला नुकत्याच शिकलेल्या डोळ्यांना ही उलटापालट जड जाते. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका या वयात मुळीच काढू नयेत.

बाराखडी पाठ म्हणण्याला माझा विरोध नाही; मुलांना तिचा ठेका आवडतो. फक्त पाठांतराला वाचन समजू नये. ज्या मुलाला बाराखडी येते असे सांगितले जाते, त्याला मधूनच ‘के’वर बोट ठेवून विचारून पाहावे, पुष्कळ मुले पुन्हा ‘क, का, कि, की’पासून निघतात आणि बोटाखालच्या अक्षरापर्यंत पोहोचून थांबतात. यावर उपाय असा, की बाराखडी आडवी फिरवावी. एकाच क च्या बारा रूपांऐवजी एकच काना सगळ्या शिकलेल्या व्यंजनांना लावून का, मा, ना, रा, ता, ला असे वाचून घ्यावे आणि पुढच्या पंधरवड्यात तसेच की, मी, नी, री घ्यावे. जोडाक्षरे बालवाडीत शिकवण्याचे कारण नाही. अडचण एवढीच, की हल्ली वर्गातली निम्मी नावे स्वरा, श्रेया, शौर्य, आर्या अशी असतात! ती मुलांनी चित्रासारखी अखंड ओळखावीत. नावाच्या चिठ्ठ्या रोज हजेरीच्या वेळी पसरून आपापली उचलायला सांगितली, की हे आपोआप होते.

भिंतीवरचे तक्ते एकदा तपासून घ्यावेत. बाजारातल्या अनेक तक्त्यांवर ल आणि श ही अक्षरे हिंदी वळणाची छापलेली असतात आणि काहींवर ‘ऐ’ला ‘ऐनक’ व ‘औ’ला ‘औरत’ असते. राज्य शासनाने २००९ मध्ये मराठी वर्णमालेबाबत निर्णय काढला होता. मराठी वळणाचा ल आणि श मुलांच्या डोळ्यांसमोर असावा, एवढी काळजी आपण घेऊ शकतो. मुलांच्या परिचयाचे शब्द घालून तक्ता स्वतः केलात तर उत्तमच. गोकुळच्या दुधाची पिशवी, केएमटीच्या शहर बसवरची पाटी, गल्लीतल्या दुकानाचे नाव ही कात्रणे आणि छायाचित्रे लावली, तर ज्या मुलाला अजून एकही अक्षर येत नाही तेही ‘मला हे वाचता येते’ असे म्हणते. या वयात असे वाटणे फार मोलाचे असते.

रोज एक गोष्ट पुस्तकातून, बोट फिरवत वाचून दाखवणे हा या सगळ्याचा कणा आहे. तीच गोष्ट आठवडाभर वाचली तरी चालते. किंबहुना मुलांना तीच हवी असते आणि तिसऱ्या दिवसापासून ती आपल्या पुढे धावू लागतात. याच्या जोडीला मुलांचे बोलणे त्यांच्यासमोर लिहावे. हंगामात गुऱ्हाळाला जाऊन आलेले मूल ‘आमी काकवी खाल्ली, लई गोड हुती’ असे सांगते. हे फळ्यावर कसे लिहावे, असा प्रश्न नव्या शिक्षिकांना पडतो. मी सुरुवातीला ते जसेच्या तसे लिहिण्याच्या बाजूची आहे. आपण बोललो तेच कागदावर उतरले, हे मुलाला दिसणे हाच त्या कामाचा हेतू असतो. आपण परस्पर ‘आम्ही काकवी खाल्ली, खूप गोड होती’ असे सुधारून लिहिले तर बोललेले आणि वाचलेले जुळत नाही. प्रमाण भाषा गोष्टीच्या पुस्तकांतून रोज कानावर पडत असते आणि ती मुले कोणी न रागावता उचलतात. गडहिंग्लज-शिरोळकडून आलेल्या कुटुंबांत कधी घरची भाषा कन्नड असते, काही घरांत दख्खनी उर्दू बोलली जाते. अशा मुलांना अक्षरांपूर्वी मराठी शब्दसंग्रह द्यावा लागतो. ‘मका’ हा शब्द ऐकलेलाच नसेल तर तो वाचून काय उपयोग?

लेखनाच्या बाजूला आता येते. मूल साधारण तिसऱ्या वर्षी गोल, चौथ्या वर्षी अधिकचे चिन्ह, साडेचार-पाचच्या सुमारास चौकोन आणि पाच वर्षांनंतर त्रिकोण पाहून काढू लागते. ज्याला तिरप्या रेघा अजून जुळवता येत नाहीत, त्याच्याकडून क्ष आणि ज्ञ काढून घेणे म्हणजे बोटांवर आणि स्वभावावर दोन्हीकडे अन्याय आहे. पेन्सिल न धरणारी मुले हट्टी असतात असे नाही. पुष्कळदा त्यांची बोटे लवकर दुखतात. त्यांना माती, कणीक, मणी ओवणे, कागद फाडणे, कात्री, कपड्यांचे चिमटे, ओल्या फडक्याने फरशीवर रेघा ओढणे असे काम भरपूर द्यावे. आधी खांद्यापासून हात फिरावा, मग कोपर, मग मनगट आणि शेवटी बोटे. म्हणून जमिनीवर खडूने मोठे काढणे आधी, कागद नंतर. खडूचे आणि मेणखडूचे बोटभर लांबीचे तुकडे दिले, तर मुठीत धरायला जागाच उरत नाही आणि तीन बोटांची पकड न शिकवता येते. पाटी-पेन्सिल आज जुनाट वाटते, पण तिचा खरखरीतपणा बोटांना आवर घालतो आणि चुकलेले पुसता येते म्हणून मूल धीट होते. माझ्या मते तिला पर्याय नाही.

लिहिण्याचा क्रम वळणांवरून ठरवावा. उभी, आडवी, तिरपी रेघ, अर्धगोल आणि गाठ ही वळणे आली, की ट, ठ, ढ हे एक कुटुंब, व, ब, क हे दुसरे, ग, म, भ हे तिसरे असे घेता येते. वाचनात दूर ठेवलेली अक्षरे इथे जवळ येतात, हे विसंगत वाटले तरी योग्य आहे, कारण इथे हाताचे वळण शिकवायचे आहे आणि तोपर्यंत डोळ्यांनी ती अक्षरे वेगळी ओळखलेली असतात. अक्षर आधी, शिरोरेघ शेवटी आणि तीही डावीकडून उजवीकडे, एवढी शिस्त पहिल्या दिवसापासून ठेवावी. ठिपके जोडून गिरवण्याची पाने मी क्वचितच देते; मूल ठिपके कोणत्याही टोकाकडून जोडते, पान सुंदर दिसते आणि उलटी दिशा हाताला पक्की लागते. त्यापेक्षा सँडपेपरचे अक्षर बोटाने फिरवणे चांगले. आधी कोरा कागद द्यावा, मग एक रेघ. आपली अक्षरे रेघेला वरून लटकतात हे मुलांना सांगितले की गंमत वाटते. अक्षर उलटे, आरशात पाहिल्यासारखे येणे सहा-सात वर्षांपर्यंत स्वाभाविक असते. डावखुऱ्या मुलाचा हात बदलू नये. कागद थोडा उजवीकडे कलता ठेवावा आणि त्याला बाकाच्या डाव्या टोकाला बसवावे, म्हणजे शेजाऱ्याचा कोपर लागत नाही.

या सगळ्याबरोबर मुलांनी आपल्या मनाने लिहिलेले, म्हणजे आपण ज्याला गिरगोट्या म्हणतो ते, जपून ठेवावे. प्रथम नुसत्या रेघा असतात, मग ओळखीची चार अक्षरे कशीही येतात, मग एक दिवस ‘मामा’साठी ‘मम’ येते. काना राहिला म्हणून लाल शाईने तो घालू नये. त्या मुलाने शब्दाचे आवाज मोजून लिहिले आहेत आणि वहीभर गिरवलेल्या अक्षरांपेक्षा हे पुष्कळ पुढचे काम आहे.

सेमी इंग्रजीचे दडपण मला समजते. इंग्रजी बोलण्या-ऐकण्यातून, गाण्यांतून, सूचनांतून जरूर यावे. पण दोन लिप्यांचे लेखन एकाच सत्रात सुरू करू नये. मराठी वाचनाची गाडी रुळावर आली की एबीसीडीला दुसरे सत्र पुरते, कारण ती अक्षरे मोजकी आहेत. आपल्या लिपीत व्यंजन, स्वरचिन्हे आणि जोडाक्षरे मिळून शेकडो रूपे होतात. संशोधक सोनाली नाग यांनी कन्नड शाळांत केलेल्या अभ्यासात अशा अक्षरलिपीवर पूर्ण पकड यायला प्राथमिक शाळेची पहिली काही वर्षे लागतात असे दिसले आणि मराठीचा अनुभव वेगळा नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने ३ ते ८ वर्षे हा एकच पायाभूत टप्पा मानला आहे आणि ५ जुलै २०२१ रोजी सुरू झालेल्या निपुण भारत अभियानानेही पायाभूत वाचन-लेखनाचे लक्ष्य तिसरीच्या अखेरीस ठेवले आहे. दिवाळीपर्यंत अ ते ज्ञ हे वेळापत्रक यांतून कुठूनच निघत नाही. मुख्याध्यापिकांशी बोलताना हे दोन संदर्भ उपयोगी पडतील.

पालकांना मात्र धोरणे सांगून पटत नाही, करून दाखवावे लागते. ऑगस्टच्या पालकसभेत प्रत्येकाला कोरा कागद द्यावा आणि फळ्यावर कन्नड लिपीतला एक शब्द काढून तो पाच वेळा सुवाच्य उतरवायला सांगावे. मध्यवर्ती बसस्थानकावर कर्नाटकाच्या गाड्यांवरची ती अक्षरे सर्वांनी पाहिलेली असतात. पाच मिनिटांत पानभर छान अक्षर येते. मग ‘काय लिहिले?’ असे विचारावे. (सीमाभागातले एखादे पालक हमखास वाचून दाखवतात, त्यांना आधीच विश्वासात घ्यावे किंवा मोडी लिपी वापरावी.) यानंतर वहीतल्या पानांबद्दल फारसे बोलावे लागत नाही. हाताच्या तयारीबद्दल विचारणा झाली तर एवढेच सांगावे, की तालमीत आलेल्या नव्या मुलाला वस्ताद पहिल्याच दिवशी खासबागेच्या कुस्ती मैदानात उतरवत नाहीत. कोल्हापूरच्या पालकांना हे चटकन उमगते. घरी काय करावे, असे ते विचारतीलच. रोज दहा मिनिटे मांडीवर घेऊन पुस्तक वाचणे आणि स्वयंपाक करताना ‘भ ने सुरू होणारी भाजी सांग’ असे विचारणे, एवढे पुरे आहे. गृहपाठाची पाने नकोत.

गटात एक-दोन मुले अशी निघतील, की जी नोव्हेंबरपर्यंत टाळ्यांच्या खेळातही मागे राहतील, सूचना पुन्हा पुन्हा विचारतील किंवा बोलताना आवाज गाळतील. त्यांना जादा सराव देण्याआधी कान तपासून घ्यावेत. वारंवार सर्दी होणाऱ्या मुलांच्या कानात पाणी साठून ऐकू कमी येणे या वयात नेहमीचे आहे आणि ते बाहेरून कळत नाही. चष्म्याची गरजही बरेचदा याच वर्षी लक्षात येते.

मुख्याध्यापिकांना प्रगती दाखवण्यासाठी वह्यांऐवजी एक नोंदवही ठेवावी. प्रत्येक मुलासाठी एक पान असावे आणि महिन्यातून एकदा त्यावर चार गोष्टी तारखेसह लिहाव्यात : शब्दाचे तुकडे पाडता येतात का, पहिला आणि शेवटचा आवाज ओळखता येतो का, कोणती अक्षरे मधूनच विचारली तरी वाचता येतात, आणि न शिकवलेला एखादा शब्द शिकलेल्या अक्षरांवरून स्वतः वाचला का. चौथा रकाना सप्टेंबरपर्यंत बहुधा रिकामाच राहील. लहान गटातच मुळाक्षरे घोटून आलेल्या मुलांचे पानही याच पद्धतीने भरावे. त्यांना ‘तुला येते’ म्हणून बाजूला बसवू नये, तर त्यांच्याच सुबक अक्षरांची कार्डे करून ‘कान’, ‘नाक’, ‘मका’ जुळवायला द्यावेत.